दोन जिन्यांची विहीर

इटलीला जाऊन आलेल्या माणसाने काय लिहायचं, हे मराठीत कधीच ठरून गेलंय. विमान, चर्च, चित्रं, पिझ्झा आणि शेवटी ‘आपल्याकडे अशी स्वच्छता कधी येणार’ हा उसासा. असली प्रवासवर्णनं मी शाळेच्या लायब्ररीत कपाट भरून वाचली. लिहिणारा सगळं जग फिरून येतो, पण स्वतःच्या गावाच्या वेशीबाहेरची वस्ती त्याने पाहिलेली नसते. मग तिकडे गेल्यावर त्याला डोंगर दिसतो, किल्ला दिसतो, कमानी दिसतात. तिथं पाणी कोण भरत होतं, हे दिसत नाही. मला तेच आधी दिसतं. यात माझी हुशारी काही नाही. डोक्यावर हंडा घेऊन वाढलेल्या बाईची नजर दुसरीकडं जातच नाही.

म्हणून हे एका दिवसाचं लिहिते आहे. सकाळी रोमहून आगगाडीने निघालो, रात्री परत आलो. गावाचं नाव ओर्व्हिएतो.

माझी लेक रोममध्ये शिकते. जुन्या दगडी इमारतींची डागडुजी कशी करायची, हे तिचं शिक्षण. सरकारी शिष्यवृत्तीवर गेली. मी नगरपालिकेच्या शाळेत ३१ वर्षं मास्तरकी करून रिटायर झालेली बाई. पेन्शनीतून तिकीट काढलं आणि महिनाभर तिच्या खोलीवर जाऊन राहिले. रोम बघून पाय दुखले तेव्हा ती म्हणाली, ‘‘आई, उद्या सुट्टी आहे. तुला एक विहीर दाखवते.’’ मी म्हटलं, ‘‘एवढ्या लांब येऊन विहिरी बघायच्या?’’ ती हसली. म्हणाली, ‘‘तू चल तर.’’

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून पॅसेंजर गाडी मिळते. कागदी तिकीट असलं तर फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड. गाडी सव्वा तासाच्या आसपास घेते. शहर संपलं की तिबेर नदीचं खोरं लागतं. शेतं, द्राक्षाचे मळे, टेकड्यांच्या डोक्यावर गावं. ओर्ते नावाचं जंक्शन गेलं. शेजारून एक वेगवान गाडी सप्पकन निघून गेली. लेकीने सांगितलं की ही रोम–फ्लोरेन्सची नवी सरळ लाईन. तिचा पहिला टप्पा १९७७ साली सुरू झाला आणि १९९२ साली ती पुरी झाली. ती लाईन ओर्व्हिएतोजवळ पाल्या नदीचं खोरं पाच किलोमीटरहून लांब पुलावरून ओलांडते. आमची गाडी मात्र सावकाश चालली होती. मला तीच बरी वाटली. माणसं चढत-उतरत होती. डबे होते, पिशव्या होत्या, रडणारं पोर होतं.

ओर्व्हिएतो खालून पाहिलं की गाव वाटतच नाही. मैदानातून एकदम उभा कडा उठतो आणि त्याच्या सपाट माथ्यावर गाव. दगड आपल्यासारखा काळा पाषाण नाही. ज्वालामुखीच्या राखेचा, पिवळट तांबूस. त्याला तिकडे तुफा म्हणतात. मऊ दगड. म्हणूनच पोटातून सगळा पोखरलेला. तळघरं, तेलाचे घाणे, कबुतरं पाळायच्या कोनाड्यांच्या खोल्या, विहिरी अशा १२०० च्या वर पोकळ्या या गावाखाली मोजल्या गेल्यात. गाव वर, आणि त्याच्या पायाखाली दुसरं गाव.

स्टेशनसमोरून रुळावरचा पाळणा कडा चढतो. १८८८ साली तो सुरू झाला तेव्हा पाण्यावर चालायचा. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली यायचा आणि दोराने खालच्याला वर ओढायचा. १९७० साली बंद पडला, १९९० साली विजेवर पुन्हा सुरू झाला. दोनेक मिनिटांत आम्ही वर पोचलो. उतरलो तिथून विहीर हाकेच्या अंतरावर.

आता विहिरीची हकिगत ऐका.

६ मे १५२७ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या फौजेने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट किल्ल्यात कोंडला गेला. डिसेंबरात वेष पालटून निसटला आणि ओर्व्हिएतोच्या कड्यावर येऊन राहिला. कडा चढून शत्रू येणार नाही, हे खरं. पण खाली वेढा पडला तर वर प्यायला काय? पोपने धाकट्या आंतोनियो दा सांगाल्लोला विहीर काढायला सांगितली. सुमारे ५३ मीटर खोल, १३ मीटर रुंद. वरचा भाग मऊ दगडात कोरलेला, खालचा विटांनी बांधलेला. विहिरीच्या भोवती गोल फिरत जाणारे दोन जिने, प्रत्येकाला २४८ पायऱ्या, आणि उजेडासाठी भिंतीत सत्तरेक खिडक्या. पायऱ्या बुटक्या आणि रुंद. कारण त्या माणसांसाठी नव्हत्या, पखाली वाहणाऱ्या खेचरांसाठी होत्या. एका जिन्याने खेचर रिकामं उतरायचं, खाली लहानशा पुलावरून पलीकडे जायचं आणि दुसऱ्या जिन्याने पाणी घेऊन वर यायचं. उतरणारा आणि चढणारा कधीच समोरासमोर येत नाहीत. काम १५३७ साली पुरं झालं. ज्या पोपच्या तहानेसाठी ती खणली तो १५३४ सालीच मेला होता.

आम्ही तिकीट काढून उतरलो. गारवा वाढत जातो. खिडकीतून पलीकडच्या जिन्यावरची माणसं दिसतात, ती वर जात असतात. हात हलवता येतो, भेटता येत नाही. खाली पाणी हिरवट, त्यात प्रवाशांनी टाकलेली नाणी. पुलावर मी थांबले.

लेक म्हणाली, ‘‘कसली डोकेबाज रचना आहे ना, आई?’’

मी म्हटलं, ‘‘आहे. पण दोन वाटा मला नव्या नाहीत.’’

१९७२ सालचा दुष्काळ. मी ११ वर्षांची. आमच्या वस्तीच्या आडात चिखलसुद्धा उरला नव्हता. बाप दुष्काळी कामावर खडी फोडायचा, संध्याकाळी आम्हाला सुकडी मिळायची, मिलोच्या भाकरी खायच्या. गावच्या विहिरीला पाणी होतं. पण तिच्या काठाला आमचा पाय लागायचा नाही. आई आणि वस्तीतल्या बाया हंडे खाली ठेवून दूर सरकायच्या आणि बसून राहायच्या. गावातली एखादी बाई पाणी शेंदायला आली की सगळ्यांचा एकच आवाज व्हायचा, ‘‘वाढा वं माय, घोटभर पानी वाढा.’’ तिची मर्जी लागली तर ती वरून धार धरायची. अर्धी हंड्यात, अर्धी मातीत. एका हंड्याला सकाळ जायची.

माझी थोरली बहीण चौदाची होती. एक दिवस दुपारी विहिरीवर कुणी नव्हतं. तिने पोहरा सोडला आणि आपल्या हाताने हंडा भरला. बस्स, एवढंच केलं. संध्याकाळी बापाला चावडीवर बोलावणं आलं. तिथं काय झालं ते त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही. आठ दिवस दुष्काळी कामावर त्याच्या नावाची हजेरी लागली नाही. त्याच उन्हाळ्यात बहिणीचं लग्न उरकून टाकलं. सातवीचं पुस्तक तिने मला दिलं. त्या पुस्तकावर मी शिकले, मास्तरीण झाले. ती तिसऱ्या बाळंतपणात गेली.

हे मी लेकीला पूर्वी सांगितलं नव्हतं असं नाही. पण घरात बसून सांगणं वेगळं आणि विहिरीच्या तळाशी उभं राहून सांगणं वेगळं. तिने माझा हात धरला. काही बोलली नाही.

वर येताना मी मनात हिशेब मांडत होते. या विहिरीचे दोन जिने गर्दी होऊ नये म्हणून. आपल्याकडचे दोन पाणवठे विटाळ होऊ नये म्हणून. एकाच आकड्याचे दोन अर्थ. इथल्या खेचराला पोपच्या पाण्यापर्यंत वाट बांधून दिली होती. आपल्याकडे ढोराने तळ्यात तोंड घातलं तर चालायचं, माणसाने ओंजळ घातली की तळं बाटायचं. बाबासाहेबांनी महाडला नेमकं याच्यावर बोट ठेवलं. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी प्याले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवली तेव्हा कोर्टाची मनाई आली, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. पोप डिसेंबर १५२७ मध्ये पाण्याच्या काळजीने या कड्यावर होता. मधे बरोबर ४०० वर्षं. विहीर १५३७ साली पुरी झाली, आणि चवदार तळ्याच्या दाव्याचा हायकोर्टातला शेवटचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. तिथंही दहा वर्षं, इथंही दहा. योगायोगाला मी देव चिकटवत नाही. पण ५३ मीटर दगड फोडायला जेवढा काळ लागला तेवढाच काळ आपल्याला आधीच भरलेल्या तळ्यावरचा हक्क कोर्टातून मिळवायला लागला, हे विसरू नका. आणि निकालानंतर ३५ वर्षांनी माझी आई ‘वाढा वं माय’ म्हणत बसली होती, हेही.

दुपारी चर्च पाहिलं. बांधकाम १२९० साली सुरू झालं. भिंतीला काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे आणि दर्शनी बाजू सोनेरी तुकड्यांनी मढवलेली. आत एका दालनात लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात काढलेली जगाच्या शेवटची चित्रं. मेलेली माणसं जमिनीतून उठतायत, सांगाड्यावर मांस चढतंय, नागडी माणसं उभी राहतायत. चित्रं जबरदस्त आहेत. दारात कुणी जात विचारली नाही, तिकीट विचारलं. ठरलेल्या साच्यातला लेखक इथं उसासा टाकून मोकळा झाला असता.

मी नाही टाकला. कारण बाहेर बाकावर बसून डबा खाताना लेकीने दुसरी बाजू सांगितली. हे गाव पोपच्या राज्यातलं. विहीर पुरी होऊन १८ वर्षं झाली, तेव्हा १५५५ साली पोप चौथा पॉल याने फर्मान काढलं की ज्यूंनी वेगळ्या बंद वस्तीत राहायचं, पुरुषांनी पिवळी टोपी घालायची, जमीनजुमला ठेवायचा नाही, धंदा करायचा तो जुन्या कपड्यांचा. रोममध्ये तशी वस्ती भिंत घालून बंद केली. १५६९ साली पोप पाचवा पायस याने रोम आणि आंकोना सोडून आपल्या सगळ्या राज्यातून ज्यू हाकलले. म्हणजे वेशीबाहेरची वस्ती काढायची अक्कल एकट्या मनूची नव्हती. पुढं १८७० साली पोपचं राज्य गेलं आणि ती बंद वस्ती कायद्याने संपली. कुठल्याही देशाला पूजू नका आणि कुठल्याही देशाला तुच्छ मानू नका. फक्त विचारा की तिथं भिंत कुणी घातली, कुणी पाडली आणि पाडायला किती वर्षं लागली.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ते पुढंच आहे.

या कड्यावर रोमनांच्याही आधी एट्रुस्कन लोकांचं शहर होतं. वेल्झ्ना. रोमन त्याला व्होल्सिनी म्हणत. ओर्व्हिएतो म्हणजेच ते वेल्झ्ना, असं बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात. श्रीमंत शहर. तिथल्या सरदारांनी लढायांसाठी गुलामांच्या हातात शस्त्रं दिली, राज्यकारभार त्यांच्यावर टाकला आणि स्वतः ऐष करत बसले. हळूहळू गुलामच शहराचे मालक झाले. सभेत बसू लागले. मालकांच्या मुलींशी लग्नं केली, मृत्युपत्रं आपल्या नावे करून घेतली, सरदारांच्या मेजवान्या आणि बैठका बंद केल्या. ते गुलाम होते की सोडून दिलेले दास होते की बांधलेली कुळं होती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. ते खालचे होते आणि वर आले, यावर वाद नाही.

मग सरदारांनी चोरून रोमला माणसं पाठवली, की आमची गादी परत मिळवून द्या. बातमी फुटली, गुलामांनी त्यांना मारलं. रोमची फौज आली. इसवीसनापूर्वी २६५ मध्ये वेढा पडला. २६४ मध्ये कॉन्सल फुल्व्हियस फ्लाक्कसने शहर घेतलं. बंडवाल्यांना हाल करून मारलं. शहर पाडलं. २००० पुतळे रोमला नेल्याचं प्लिनीने लिहिलंय. फ्लाक्कसच्या विजयाचा कोरीव लेख असलेला दगड रोममध्ये सापडलेला आहे. उरलेल्या सरदारांना आणि मालकांशी इमानी राहिलेल्या नोकरांना खाली बोल्सेनाच्या तळ्याकाठी नव्याने वसवलं. इमानी हा शब्द नीट वाचा, दोस्तांनो. इमानी नोकराला घर मिळालं. आणि त्याच साली, २६४ मध्ये, रोमच्या बाजारात ग्लॅडिएटरांची पहिली झुंज झाली. माणसाला माणसावर घालून लोकांनी मजा बघायची. एका गावात गुलाम सभेत बसला म्हणून शहर पाडायचं आणि दुसऱ्या गावात त्याला मेलेल्या मालकाच्या तेराव्याला लढवून मारायचं.

आता ही गोष्ट आपल्याला सांगितली कुणी? व्हॅलेरियस मॅक्सिमस, ओरोसियस आणि कितीतरी शतकांनंतरचा झोनारस. सगळे मालकांच्या बाजूचे. त्यांच्या लेखणीत गुलामांचे गुन्हे काय? सभेत बसले. वारसा घेतला. वरच्यांच्या पोरींशी लग्न केलं. वरच्यांना एकत्र जमू दिलं नाही. ही यादी वाचताना मला कुठल्याही गावच्या चावडीवरचा आवाज ऐकू आला. शब्द लॅटिन, आवाज तोच.

रोमन गुलामाबद्दल बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना ते दाखवतात की कायद्याने गुलाम ही वस्तू होती, तरी तो मालकाच्या घरात वावरायचा, वैद्य व्हायचा, शिक्षक व्हायचा, त्याच्या स्पर्शाने कुणी बाटत नव्हतं. अस्पृश्य कायद्याने मोकळा, पण त्याला सगळे दरवाजे बंद. वेल्झ्नाच्या गोष्टीतही हेच दिसतं. गुलामाच्या हातात तलवार देताना मालकाला विटाळाची भीती वाटली नाही. म्हणून गुलाम वर चढू शकला. आपल्याला तलवारही लांबूनच मिळाली आणि पाणीही लांबूनच.

इथवर मी लेकीला सांगत होते आणि ती ऐकत होती. मग तिने एक प्रश्न विचारला. ‘‘आई, या सगळ्या गोष्टीत बायका कुठं आहेत?’’

मालकांच्या मुली आहेत. त्यांच्यावर जबरदस्ती झाली, असं रोमन लिहितात. झालीही असेल. सत्ता हातात आली की पुरुष काय करतात ते मी पाहिलंय, दोन्हीकडच्या पुरुषांना पाहिलंय. गुलाम होता म्हणून त्याला मी सूट देत नाही. पण गुलाम बाया? त्या तर एका ओळीतही नाहीत. ज्या वेल्झ्नाच्या कड्यावर पाणी चढवत असतील, त्या बंडाच्या दिवशी कुठं होत्या? आपल्या माणसाने सरदाराची पोरगी घरात आणली तेव्हा त्या काय म्हणाल्या? कुणी विचारलंच नाही. रोमनांनी नाही आणि बंडवाल्यांचं कुणी लिहिलं असेल तर त्यांनीही नसेल.

कड्याच्या पायथ्याशी वेल्झ्नाचं कबरस्तान आहे. आम्ही उतरून चालत गेलो. इसवीसनापूर्वी सहाव्या शतकातल्या दगडी कबरी. छोट्या खोल्यांसारख्या, बहुतेक एकाच मापाच्या, सरळ गल्ल्यांत ओळीने बांधलेल्या. चाळच म्हणा. प्रत्येक दाराच्या वरच्या दगडावर उजवीकडून डावीकडे कोरलेलं. लेकीने वाचायची रीत दाखवली. अर्थ असा की ‘मी अमक्याच्या घराण्यातल्या तमक्याची.’ कबर स्वतः बोलते. त्या नावांत बाहेरून आलेल्यांचीही नावं आहेत. एक तर केल्टिक वळणाचं आहे. परका माणूस येऊन या गल्लीत सारख्याच मापाचं दार मिळवत होता. निदान घराणं ज्याचं होतं त्याला. गुलामांच्या नावाचा दगड मला त्या गल्लीत कुणी दाखवला नाही.

एट्रुस्कन अक्षरं वाचता येतात, भाषा अर्धीमुर्धीच कळते. त्यांची पुस्तकं बुडाली. सम्राट क्लॉडियसने त्यांचा २० खंडांचा इतिहास लिहिला होता, तोही नाहीसा झाला. उरला तो जिंकणाऱ्यांनी सांगितलेला परिच्छेद.

संध्याकाळची गाडी पकडली. समोरच्या बाकावर एक पगडी न बांधलेला पंजाबी माणूस, हाताला मळ्यातली माती. ओर्व्हिएतोची पांढरी दारू नावाजलेली आहे. तिच्या द्राक्षाच्या मळ्यांत असली खूप माणसं राबतात. माझ्या मोबाईलच्या पाठीवर बाबासाहेबांचा फोटो. त्याने तो पाहिला आणि पुढं वाकून म्हणाला, ‘‘बहनजी, ये बाबासाहब हैं ना?’’

मी हो म्हटलं. विचारलं, कसं ओळखलं?

‘‘घर में फोटो है जी. जालंधर की तरफ के हैं हम.’’

मग बोलत बसलो. तो आधी रोमच्या दक्षिणेला लातिना भागात भाजीच्या शेतावर होता. जून २०२४ मध्ये त्याच भागात एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घरासमोर सोडून दिलं, तुटलेला हात फळांच्या पेटीत. दोन दिवसांनी तो मेला. इटलीभर गाजलं, मोर्चे निघाले, मालकावर खटला भरला. हे मी पेपरात वाचलं होतं. तो म्हणाला, ‘‘कागज नहीं थे जी उसके पास. कागज नहीं, तो आदमी नहीं.’’

मी विचारलं, रविवारी गुरुद्वाऱ्यात जाता का? तो थोडा थांबला. म्हणाला, ‘‘अपना अलग है जी.’’

मला कळलं. रविदासी समाजाची माणसं इटलीत बरीच आहेत आणि त्यांची प्रार्थनास्थळं वेगळी आहेत. २४ मे २००९ रोजी व्हिएन्नाच्या रविदासी गुरुद्वाऱ्यात हल्ला झाला, संत रामानंद मारले गेले. पुढच्या वर्षी रविदासिया धर्म वेगळा म्हणून जाहीर झाला. म्हणजे आल्प्सच्या अलीकडे आणि पलीकडे, जिथं मालकाला पंजाबी सगळे सारखेच, एकाच भावात राबणारे, तिथंही दोन जिने. एकाच मळ्यात घाम गाळायचा आणि रविवारी वेगळ्या वाटेने जायचं. जात विमानात बसून जाते. तिला व्हिसा लागत नाही.

रोमला उतरताना त्याने हात जोडले आणि म्हणाला, ‘‘जय भीम.’’ आम्हीही म्हणालो. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याचे कागद अजून पुरे व्हायचेत.

दोस्तांनो, तुम्ही मोर्चे काढता, पत्रकं वाटता, अभ्यासवर्ग घेता. चांगलं आहे. माझं एक काम करा. वेल्झ्नाच्या गुलामांकडं सत्ता आली तरी त्यांचा एक शब्द आपल्यापर्यंत पोचला नाही. सगळा त्यांच्या मालकांनी सांगितलेला. आपल्याकडे जोतीबांनी १८७३ सालीच ‘गुलामगिरी’ लिहून हा डाव मोडला. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहून चळवळीतल्या बायांना बोलतं केलं. वाट पडलेली आहे, पण तिच्यावर पायरव कमी आहे.

तुमच्या वस्तीत ७०-८० वर्षांच्या म्हाताऱ्या अजून आहेत. दहा वर्षांनी नसतील. त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. भाषण द्यायला नको, ऐकायला बसा. विचारा की पाणी कुठून आणायचात? वाढायचं कोण? किती वेळ बसायचात? पोहरा स्वतः कुणी सोडला? त्यानंतर काय झालं? विहीर कुठली, साल कुठलं, महिना कुठला? बाईचं नाव तिच्या नवऱ्याच्या नावाखाली झाकू नका, तिचं पाळण्यातलं नाव लिहा. कुणाला दुखेल म्हणून गाळू नका, कुणाला खूश करायला फुगवू नका. आपल्याच घरातल्या पुरुषांनी काय केलं तेही लिहा. खाली तारीख घाला.

मी सुरुवात केली आहे. पहिल्या पानावर माझ्या बहिणीचं नाव आहे. त्या खाली लिहिलंय : १९७२, उन्हाळा, दुपारची वेळ, एक हंडा, आपल्या हाताने.